पोथीच्या फडक्यात

दंडवत, स्वामी.
स्मरणाले बसली, पन ध्यान गाठीवर नाही.
बारक्याचा हात पाहून राह्यली,
गोधडीच्या बाहेर आला का, थंडा पडला का.
थंडी त्याले चालत नाही. ऊन बी चालत नाही.
मंग चालते तरी काय, मी डाक्टरनीले इचारलं.
तं म्हने, पानी. पानी पाजत जा, मावशी.

म्हनून एका मन्यावर तुहं नाव
अन् एका मन्यावर पेला.
दिवसाचे बारा.
सांजेले मोजते तं कधी नाव कमी भरते,
पेला कमी भरू देत नाही.
याचं पाप असंन तं माह्या खात्यात लिही.

दोन पोट्टे. चक्रपाणी अन् दामोदर.
एका दांडाच्या पान्यावरचे संत्र्याचे दोन झाडं,
एकाले पिवळं कार्ड भेटलं, एकाले लाल.
सासू मरेपावतर म्हनत गेली, हे रगत तुह्या माहेरचं.
मंग शाळेतल्या शिबिरात यायच्या बाबाले बी सुई टोचली,
त्यायचं बी पिवळंच निघालं.
अर्धं माहं, अर्धं त्यायचं.
त्या दिवशी घरी येताना
सायकल हातात धरून चालले ते माह्यासंगं,
अडीच कोस.
बसले नाहीत. बोललेही नाहीत.

मागच्या पुसात दामूचे हाडं फुटाले आले.
आई, आतून कोनी कुटून राह्यलं वं, म्हने.
वच्छला जाऊ म्हने, मातामायले नारळ कबूल कर.
मी म्हनलं, आमच्यात दुसरं दैवत नाही, बाई.
असं मोठ्या तोंडानं म्हनलं.
अन् रातच्या तीनले
पदरात नारळ घेऊन निंबाखाली गेली.
तुले तं मालूमच असंन.
अंधारात शेंदूर काळा दिसे.
एक कुत्रं निजेल होतं, तेही उठलं नाही.
किती वेळ उभी होती, याद नाही.
फोडला नाही. वापस आली.
दुसऱ्या दिवशी त्या नारळाची चटनी वाटली,
साऱ्यायनं खाल्ली.
माह्या घशाखाली उतरली नाही.

आता परवाची गोष्ट.
मोठ्याले पाहाले पाच जन आले, दर्यापुराकडचे.
दंडवत झाले, पोहे झाले, वावर किती, इहीर किती, झालं.
त्याचं कार्ड मी पोथीच्या फडक्यात ठेवलं होतं.
तुह्या आडोशाले कोन पाहाते, असं वाटलं.
पोरीचा मामा म्हने, पोराले काही व्यसन?
मी म्हनलं, सुपारी बी नाही.
काही दुखनं-बिखनं?
मी चहा गाळाले उठली.
गाळेल चहा पुन्हा गाळला.

चक्रपाणी न्हानीत गेला, हात धुतले.
पोथीले शिवाच्या आंधी हात धुवा,
म्यानंच शिकोलं.
फडकं सोडलं, कार्ड काढलं, मामापुढं ठेवलं.
म्हने, पोरीची बी तपासनी करून घ्या.
तिचं बी असंच निघालं तं जमत नाही, मामाजी.
पुढच्या लेकराले लाल येऊ शकते.

खोटं बोलू नये म्हनून लहानपनी दोघायले
मी चुलीपुढं उभं करत जाओ.
एक तरी असा निघाला, म्हनून छाती भरून आली,
अन् तवाच मले खांबापाशी दामू दिसला.
हातात पान्याचा पेला.
सारं आयकत होता.

कळवतो म्हनून गेले ते. अजून काही कळवलं नाही.

रातच्याले त्याचे पाय चेपत होती.
आई, आज किती पेले झाले?
बारा, म्हनलं.
नाही वं, म्हने. दहाच झाले.
अन् स्वतःच उठला,
अंधारात माठापाशी गेला.
मी गाठी हातात धरून बसेल,
तो पानी पेत होता त्याचा आवाज मोजत.