चार चुका, तीन चुका

तिसऱ्या रेल्वे गेटापाशी, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
आमची अभ्यासिका. महिना सातशे, पंखा सगळ्यांत एक.
शिवलीला हुक्केरी आणि मी, दोघी बीडीएस,
दोघींना जबड्याचीच सर्जरी हवी.
मुलींनी मुलांचे दात बघावेत, असं सर म्हणाले होते,
तेव्हापासून जास्तच हवी.

गेल्या सालच्या कॅलेंडरची पाठ उलटून
शिवलीलानं स्टीलच्या पट्टीनं उभी रेघ मारली.
डावीकडं नीट, उजवीकडं आयएनआय.
इकडं दोनशे चाळीस प्रश्न, बरोबरला चार, चुकलं की एक वजा.
तिकडं दोनशे, बरोबरला एक, चुकलं की एक तृतीयांश वजा.
घड्याळ दोन्हीकडं तीनच तासांचं.
‘म्हणजे बघ,’ ती म्हणाली,
‘इकडं चार चुका मिळून एक बरोबर खातात,
तिकडं तीनच पुरतात.’
इकडच्या चुका जरा कमी खादाड.

नीट विचारते नसेचं नाव.
आयएनआय विचारते, ती नस तुटली तर ओठाचा कुठला भाग मुका होईल,
आणि पाचांतली कुठली दोन विधानं खोटी.
शिवलीला नसा मोजते ओंदु, एरडु, मूरु,
मी एक, दोन, तीन,
आणि दोघी चुकतो इंग्रजीत.
सेंटर भरताना ती हुबळी टाकते, मी कोल्हापूर.
यावरून आमचं भांडण होत नाही,
घरच्यांचं होतं.

त्या मंगळवारी ओपीडीत लगमव्वा नाईक आली,
निपाणीकडची, तंबाखूच्या वखारीत पाला निवडणारी.
पदराला तो वास, केसपेपरलाही लागला.
केसपेपर कन्नडात होता, म्हणून मी म्हटलं, ‘बायि तेगीरी.’
ती म्हणाली, ‘मराठीत बोल की गं.
कुठल्याबी भाषेत तेवढंच उघडतंय.’

दोन बोटं बसेनात. पट्टी लावली. सोळा मिलिमीटर.
गालाच्या आत पांढरं, दोरीसारखं ताठ,
पार मागं, अक्कलदाढेच्या कुशीत, एक लाल डाग.
‘कधीपासून हाय हे?’
‘नातीच्या बारशापासून.’
‘नात केवढी?’
‘दुसरीत जाती.’

तुकडा काढून तपासायचा, मी कागद लिहिला.
तिनं चार घड्या घालून कनवटीला लावला.
‘उगादी झाली की येतो. आता वखारीत माल लागलाय.’
मी मान डोलावली. रांग मोठी होती.

रात्री टेस्ट सिरीजमध्ये जवळजवळ तीच बाई आली,
वय बावन्न, नाव नाही, गाव नाही, नात नाही.
सर्वांत योग्य पुढचं पाऊल कोणतं?
अकरा सेकंदांत मी टिक केलं.
बरोबर. अधिक चार.

शिवलीलानं तक्त्यात शेवटची ओळ लिहिली:
रिकामं सोडलं तर इकडं शून्य, तिकडं शून्य.
‘एवढंच बाई जुळतंय दोघींचं,’ ती म्हणाली.

उगादी झाली. डब्याच्या झाकणात तिनं बेवु-बेल्ल आणलं,
कडू माझ्या वाट्याला जास्त आलं.
रजिस्टरात ‘पुढची भेट’चा रकाना तसाच.
फोन लावला तर किराणा दुकानात वाजला.
‘ती वखारीत. सांगतो की.’
दोनदा म्हणाला, सांगतो की.

प्रश्न सोडणं आणि प्रश्न सोडवणं,
मधे एक ‘व’ आहे.
आठवी-नववीत कुणी तरी शिकवलं असणार,
गुण मिळाले असणार.

रविवारी नऊला ग्रँड टेस्ट होती.
सव्वासातच्या निपाणी गाडीत मी खिडकीशी,
पिशवीत मोजे, टॉर्च, शिवलीलाची पट्टी.
संकेश्वरच्या पुढं तिचा फोन आला,
‘येन माडाकत्ती? लॉगिन झालीस का?’
मी म्हटलं, ‘एक राहिलेला सोडवूलोय.’
‘कुठला नंबर?’

मला फक्त एवढंच माहीत होतं,
की वखारीच्या दाराला निळा रंग आहे
आणि रविवारीही ती उघडी असते.