पोळपाटावरचं पान

बी इतकं बारीक, की खसखस त्याची थोरली बहीण वाटावी.
मार्चमध्ये मी ते पेरलं असं म्हणता येणार नाही,
त्याच्या दिशेने नुसता श्वास सोडला,
आणि किडरमिन्स्टरच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत
हिरवी बुरशी यावी तसं काहीतरी आलं.
"मेथी का?" सरोजिनीने विचारलं.
"हो," म्हणालो. मेपर्यंत ते खोटं टिकलं.

सतरा नंबरचा वाफा कालव्याच्या कडेला.
शेजारचा क्लिफर्ड टॉम्किसचा: लीक, बीट,
आणि बक्षीस हुकलेले भोपळे.
जुलैत त्याने कुंपणावरून मान वर केली,
माझ्या खांद्याला लागलेली पानं पाहिली,
आणि विचारलं, ही कुठली कोबी?
मी शेंडे खुडत होतो. बोटं काळी, चिकट.
हा चीक साबणाला दाद देत नाही,
हिरव्या टोमॅटोच्या रसाने जातो.
हे कुणी सांगितलं होतं? बहुतेक चिकोडीच्या मामाने.
त्याची तीन एकर तंबाखू. स्वतः कधी ओढली नाही,
म्हणायचा, हलवायाने पेढा खाऊ नये.

सप्टेंबरात शेडमध्ये लोकरीच्या धाग्यावर
पानं टांगली, वटवाघळांसारखी.
मग तीन आठवडे भुरभुर.
निम्म्यांना बुरशी. ती कंपोस्टात गेली.
उरलेली आणली घरी, गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात,
टॉवेलांच्या सोबतीला.
मुलगी ब्रिस्टलहून आली, तोंड पुसलं,
म्हणाली, बाबा, हा टॉवेल कुणीतरी ओढलाय.

पहिली सिगार नाताळात.
जळक्या गोठ्याची चव.
क्लिफर्डने दोन झुरके घेतले, टोकाकडे बघितलं,
म्हणाला, "इंटरेस्टिंग."
एकतीस वर्षं झाली मला या देशात. मी ती विझवली.

आणखी एक वर्ष.
एवढंच करावं लागतं खरं तर, पण तेच कुणी करत नाही.

दुसऱ्या ऑक्टोबरात पानं उघडली तर
मनुका, ओलं चामडं, किंचित ताक.
पोळपाट घेतला. सरोजिनी म्हणाली, "त्यावर पोळ्या होतात."
मी म्हणालो, "हीसुद्धा पोळीच."
वाफेवर धरलेलं पान कापडासारखं लवचीक झालं.
मधली शीर ओढून काढली, जुन्या टाक्यासारखी सरकत आली.
पोटात चुरा, फार दाबायचा नाही,
धुराला वाट हवी;
त्यावर अस्तर, त्यावर सगळ्यात देखणं पान, तिरकं,
आणि शेवटच्या टोकाला कणकेच्या खळीचा ठिपका.
वाकडी झाली. पोटुशी झाली.
चौथी बरी जमली.

वाफ्यावर दोन उलटे क्रेट, क्लिफर्ड आणि मी.
कालव्यातून एक बोट गेली, बोटीवर कपडे वाळत.
बोलण्यासारखं काही नव्हतं, ते आम्ही तासभर बोललो नाही.
राख बोटभर झाली तरी पडेना.
क्लिफर्ड ती बघत राहिला,
त्याच्या भोपळ्यांकडे कधी बघितलं नसेल असा.
या वेळी तो "इंटरेस्टिंग" म्हणाला नाही.

शिरा आणि तुकडे मी बिस्किटाच्या डब्यात ठेवत होतो,
डबा हलका होत होता.
उंदीर, मी म्हणालो.
"असतील," सरोजिनी म्हणाली.

एका पहाटे तव्याचा वास आला.
खाली आलो. सिंकपाशी ती पाठमोरी,
तर्जनी तोंडात, हिरड्या काळ्या,
वय कुठलंच नाही.
बत्तीस सालांपूर्वी विमानात बसायच्या आदल्या रात्री
तिने मशेरीची डबी आईच्या उशाखाली ठेवली होती,
हे तिने मला आज सांगितलं.
मी काय बोलणार? आपलीच शेती.

तिने चूळ भरली, नळ सोडला,
काळं पाणी गोल फिरून गेलं.
"दातांच्या डॉक्टरणीला सांगू नका," म्हणाली,
आणि पदर नसताना पदराला हात पुसल्यासारखं करून,
"पान आठवडाभर आधी तोडलंत.
कडेला पिवळं पडू द्यायचं होतं."