पाण्याने तुटतं ते

रात्रपाळीत झेल्मीराच्या हाताखाली
एक एन्झाइम कामाला असतं.
आतड्यातल्या जंतूकडून उसनं आणलेलं,
वाहून जाऊ नये म्हणून
साबुदाण्याहून बारीक मण्यांना जखडलेलं.
नाव लांबलचक. ती त्याला न्हावी म्हणते.

पेनिसिलिन वरून येतं, मण्यांमधून झिरपतं.
न्हावी पाण्याचा एक रेणू उचलतो,
नेमक्या सांध्यात सारतो,
शेपूट गळून पडतं.
चौकोनी कडं मात्र शाबूत.
त्याच्यावरच पुढे नवा हात बसवायचा असतो,
ते उघडलं तर अख्खी टाकी गटारात,
हे तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तिचं काम एवढंच:
काट्यावर नजर.
आम्लाकडे कलला की अमोनिया.
थेंब. थांब. थेंब.
बाहेर उणे अकरा, आत अठ्ठावीस अंश.

गळालेल्या शेपटाला मधाचा वास येतो,
जरा जास्त झाला की तबेल्याचा.
केसांत बसतो, मफलरीत बसतो,
पहाटेच्या बसमध्ये
तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवतो.

काठी मारल्याने पाणी तुटत नाही म्हणतात.
नसेल तुटत.
पण पाण्याने काय काय तुटतं
हे ती अकरा वर्षं बघते आहे.
तेवढीच वर्षं वेंडेलीन तिच्याशी बोललेला नाही.
बापाच्या मधमाश्यांच्या चौदा पेट्या,
वाटणीचा कागद,
आणि स्वयंपाकघरात ती बोलून गेली ते एक वाक्य.
मोठं नव्हतं.
नेमक्या सांध्यात बसलं.

फेब्रुवारीत मणी थकले.
आठशे खेपा झाल्या होत्या, न्हाव्याचा हात चालेना.
नवे भरेपर्यंत दोन दिवस सुट्टी.
ती ह्रोनचा पूल ओलांडून
वरच्या वस्तीकडे चालत गेली.
हातात काही नव्हतं. केक नेला असता
तर माफी मागायला आल्यासारखं दिसलं असतं.
माफी मागायलाच आली होती, तरीही.

दार वेंडेलीननेच उघडलं.
डोळ्यांआधी त्याच्या नाकाने ओळखलं:
मध, मेण, घोडीचा घाम,
खुंटीवरचा बापाचा कोट.

"घोडी पाळलीस?"
अकरा वर्षांनी पहिलं वाक्य.

"नाही. कारखाना."

तो बाजूला झाला नाही.
दारही लावलं नाही.
आत चुलीवर दूध उतू जात होतं,
दोघांनाही ऐकू येत होतं.