पेंडीचा वास

आमच्या गावाला समुद्र नाही.
मांजरा आहे, तीही आठवण झाली तर वाहते.
तरी बंदराचं नाव मला पाठ होतं,
टँकरच्या बिल्टीवर ते रोज यायचं
निळ्या कार्बनचं, बोटाला लागणारं.

मी रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होतो. म्हणजे
सहा बाय आठची खोली, एक ब्युरेट, एक तराजू
आणि खिडकीत न मावणारी चिमणी.
तेलात आम्ल किती, रंग किती, ओल किती
एवढं लिहून खाली सही.
माझ्या सहीशिवाय टाकी उघडत नाही,
हे मी सोयरिकीच्या बैठकीतही सांगितलं होतं.

आधी करडई यायची.
गाड्यांची रांग पार गोलाईला वळसा घालून.
कोंडाबाई सांडलेलं बी झाडून ओट्यात घ्यायची
आणि हमाल तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे.
मैनोद्दीन डबे झाळायचा.
पंधरा किलोचा डबा, तोंडावर कथलाचा थेंब
नखाएवढा.
थेंबागणिक चार आणे.
पाण्यात डबा दाबून तो बुडबुड्याची वाट बघायचा
आणि बुडबुडा आला नाही तर
जरासा नाराज झाल्यासारखा हसायचा.

मग सोयाबीन आलं. मग सॉल्व्हंट.
मग नुसतेच टँकर.
त्यातलं तेल हिवाळ्यात थिजायचं, खालून वाफ द्यावी लागायची.
झंवरशेठ म्हणाले, दळायचं कशाला,
गाळायचं, पिशवीत भरायचं, बस.
एक्स्पेलर थांबले त्या दिवशी कुणी रडलं नाही.
फक्त समोरच्या टपरीवरच्या नागोरावला
तीन रात्री झोप लागली नाही,
इतकं शांत झालं म्हणे.

तेव्हापासून मलेशियात भाव पडला
की गोलाईत दिवे लवकर विझायचे.
मलेशिया कुठं आहे ते आडतीतल्या पोरांना
भूगोलाच्या मास्तरापेक्षा नीट माहीत होतं.

मैनोद्दीनने पहिली प्लास्टिकची पिशवी
हातात घेऊन उलटीपालटी केली,
दाबली, उजेडाला धरली.
इसमें झालना कहां, म्हणाला.
मी काही बोललो नाही. मी त्या पिशवीलाही
पास केलं होतं.

बॉयलर वजनावर गेला.
बँकेची नोटीस फाटकावर दोन पावसाळे होती,
मग तिच्यावर क्लासची जाहिरात आली,
मग टॉपर पोरांचे फोटो, दात दिसतील असे हसणारे.
मैनोद्दीनच्या जागेत त्याचा नातू
प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढतो. मशीन गरम होतं
तेव्हा हात मागे घेतो, अगदी आजोबासारखा.
आमच्या गोदामात प्लायवूड ठोकून
चाळीस खोल्या काढल्या.
मी तिथं रजिस्टर सांभाळतो.
माझ्या सहीशिवाय पोरं फाटकाबाहेर पडत नाहीत.

गंगाखेडचा एक पोरगा आहे, रात्री दोनपर्यंत जागतो.
एप्रिलात एकदा खाली आला.
सर, भिंतीतून वास कशाचा येऊलालाय?
तीन वेळा रंग दिलाय त्या भिंतीला.
तापली की अजून तेलकट घाम येतो तिला.
पेंडीचा, म्हणालो.
कुठली पेंड?
करडईची.
त्यानं मान डोलावली, करडई त्यानं
पाहिली नसावी.

जाता जाता त्यानं विचारलं, फिनॉल्फ्थॅलीनचा रंग
नेमका कधी धरायचा?
मी उठून उभा राहिलो.
फिकट गुलाबी, म्हणालो. इतका फिकट
की दिसला का नाही असं वाटावं.
आणि तीस सेकंद टिकला पाहिजे.
तीस सेकंद मोजायचे, घाई करायची नाही.
माझा हात हवेत
नसलेली तोटी बंद करत होता.

सकाळी मेसमागच्या उकिरड्यावर
तेलाच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या.
एक उचलली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात
रंग, ओल, आम्ल काहीच नव्हतं,
कारखान्याचा पत्ता होता.
ते बंदराचं नाव मी वाचलं
आणि सवयीनं
बोट बघितलं, निळं झालं का.