काळ्याचा भाव

शनिवारी दुकानात येतात ते बहुतेक ठरवून आलेले असतात.
आकडे पाढ्यांसारखे पाठ:
सत्तावीस इंच, एकशे ऐंशी हर्ट्झ, एक मिलिसेकंद.
मी मान डोलवतो, खोका काढून देतो.

बोग्ना तशी नव्हती.
सतरा-अठराची असेल. पिशवीतून स्वतःचा माउस काढला.
दुकानातला देऊ केला तर म्हणाली,
दुसऱ्याच्या चपला घालून पळायला सांगता का?
मागे तिचा बाप, अलोइझी,
टोपी हातात, बोटांच्या पेरांवर निळ्या रेघा.
कोळशाची कुसळं कातडीखाली राहिली की तशा उमटतात;
काटोवित्समध्ये कुणी त्याबद्दल विचारत नाही.

तिने एकेक मॉनिटर झटकून पाहिला,
बाजारात कापड झटकतात तसा.
साठ हर्ट्झवर धावणारा शिपाई
स्वतःमागे धुराचं शेपूट ओढत होता.
दोनशे चाळीसवर शेपूट गळून पडलं
आणि नुसता शिपाई उरला.
दिसलं? तिने बापाला विचारलं.
मला दोन्ही सारखेच, तो म्हणाला,
आणि वक्र पडद्याच्या कडेवरून हात फिरवला,
पन्हळ तपासावी तसा.

मग तिने भुयाराचा भाग लावला.

तो पुढे आला.
खाली डाव्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाला,
इथं कुणी दिवा ठेवलाय?
मी म्हणालो, मागचा उजेड आहे, थोडा गळतो. सगळ्यांचाच गळतो.
मग हा काळा नव्हे, तो म्हणाला.
दहा वेळा धुतलेला काळा आहे.

मला जरा चेव आला.
आतल्या खोलीतला ओलेड, भाव दुप्पट,
त्याच्यासमोर दोघांना नेलं,
शटर अर्धं ओढलं, ट्यूब बंद केल्या.
तेच भुयार.
पडदा कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते कळेना.
चालू आहे हे फक्त बटणाखालच्या
हिरव्या ठिपक्यावरून समजायचं.

अलोइझी काही बोलला नाही.
त्याचा हात कपाळाकडे गेला,
जिथे काहीच नव्हतं तिथे
दोन बोटांनी बटण चाचपलं,
आणि खाली आला.

हा बरोबर आहे, तो म्हणाला.
साडेसहाशे मीटर खाली असा असतो.
आधी हात दिसेनासा होतो,
मग हात होता हेही खरं वाटत नाही.
खोकल्यावरून माणसं मोजायची.
आम्ही चार होतो.
पहाटे मोजले तेव्हाही चारच आले,
पण एक जण दोनदा खोकला होता.

मी मनात कमिशन मांडून बसलो होतो, खोटं का बोलू.
त्याने कोटातून पाकीट काढलंही होतं,
फुगलेलं, रबर लावलेलं.
तेवढ्यात ट्यूब लागल्या. बोग्नाने लावल्या होत्या.
तो पहिला द्या, म्हणाली. गळणारा.
बाप म्हणाला, पैसे आहेत.
पैशांचं नाही. कोपऱ्यात कुणी लपलं तर दिसायला हवं.
इतक्या काळ्यात मीच मरेन.

हे खरंही असू शकतं.
चांगले खेळाडू मुद्दाम अंधार फिका करून ठेवतात,
मीच गिऱ्हाइकांना ते बटण दाखवतो.
पण बोलताना ती पडद्याकडे नाही,
बापाच्या कपाळाकडे बघत होती.

त्याने खोक्याला स्वतः दोरी बांधली.
अशी गाठ मी पाहिली नव्हती,
ओढावी तितकी घट्ट होणारी.
दारात थांबून म्हणाला,
तो आतला मात्र चांगला आहे हं, कुणी विचारलं तर सांगा.

रात्री हिशेब जुळला. शटर पूर्ण ओढलं.
ओलेड बंद करायचा राहिला होता,
भुयार तसंच सुरू.
मी दिवे घालवले, उभा राहिलो,
स्वतःचा हात तोंडापुढे धरला.

मग, घसा अगदी ठीक असताना,
एकदा खोकलो.