मासा नसलेली वांगी

कॉटन मार्केटात बेबीबाई म्हणाली,
"हे लांबुळके कायले नेतं वं? भरताचे घे न."
घेतली तीच. जांभळी, बोटभर जाडीची,
पिशवीतून देठं बाहेर.

ते चिनी आंबवलेलं तिखट
इतवारी पालथी घातली तरी मिळालं नाही.
मग भिवापुरी मिरच्याच, मीठ आणि व्हिनेगरात,
आठ दिवस फ्रिजवर, लोणच्याच्या जुन्या बरणीत.
झाकण उघडलं की प्रफुल्ल गॅलरीत पळायचा.

आज कढई तापली.
वांगी बेशरम तेल प्यायली, मऊ पडली.
आलं, लसूण, पातीचा कांदा,
सोया सॉस, चमचाभर साखर,
आणि ती बरणी.
आम्ही तिघं खोकलो. भिंतीपलीकडून येळणे काकाही.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात याला?
खरं सांगायला नको होतं:
मासळीच्या वासाची वांगी.
मासा नसतोच त्यात, मसाला तेवढा माशाचा.
"नावात मासोळी हाय न? मंग मी नाई खात."
आणि त्यांनी दुधात पोळी कुस्करली.

रात्री दीडला मी पाण्याला उठले.
कूलर घरघरत होता.
उघड्या फ्रिजच्या उजेडात त्या उभ्या,
एका हातात गार भाकर, दुसरा कढईत,
नाकाचा शेंडा लाल.
मला पाहून थांबल्या नाहीत.
"मीठ कमी पडलं वं," म्हणाल्या.
मग शेवटची फोड माझ्याकडे सरकवत,
हळूच:
"मासोळी खरंच नाई न यात?
वास तं येते."