गुरुवारचा मासा

बंदरापासून चढ चढून आलं की आमचं म्युझियम,
आणि त्यातल्या चौथ्या दालनातली खुर्ची माझी.
एकोणीस वर्षं मी चित्रांकडे नाही,
चित्रांकडे सरकणाऱ्या बोटांकडे बघत आलो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट नसतं.
अशाच एका रविवारी मारीव्होन लकानू आत आली
आणि तिने विचारलं, संडास कुठे.
परतताना वाट चुकली, थबकली
माशांच्या चित्रापाशी:
तांब्याचं भांडं, एक पाकट, चार बांगडे, अर्धं लिंबू,
खाली पितळी पट्टीवर – चित्रकार अज्ञात.

नाक कॅनव्हासला लागेल इतकी वाकली. मी उठलो.
"शिळा आहे," ती म्हणाली.
मी म्हटलं, बाई, अडीचशे वर्षांचा आहे.
"ते नव्हे. गुरुवारचा आहे."

बाजारात चर्चच्या भिंतीला टेकून तिचा ठेला.
चाळीस वर्षं पहाटे चारला उठून बर्फ फोडलेला.
हातांना लिंबू चोळून यायची, तरी
ती गेल्यावर दालनात
थोडा वेळ समुद्र रेंगाळायचा.

पुढच्या खेपेला वही घेऊन आली,
उधारीचीच, उलट्या बाजूने सुरू केलेली:

डोळा फुगीर, ओला. पहिल्या दिवशी रंगवला.
कल्ले विटकरी. दुसरा दिवस, दुपार.
पोट बसलंय. तिसरा.
लिंबाची फोड सुकलेली, साल मात्र टवटवीत –
मध्येच बायकोने दुसरं आणून ठेवलं.

"बायको होती कशावरून?"
"तीन दिवस तो वास दुसरं कोण सोसेल?"

माहितीची पाटी ती सगळ्यात शेवटी वाचायची,
गणिताचं उत्तर मागच्या पानावर बघावं तशी.
वाचनालयातून एकेक शब्द आणायची
पारखून, दाबून.
ग्लासी: सुकलेल्या रंगावर रंगाचा पातळ पापुद्रा.
"बर्फाला आपण ग्लास म्हणतो, हे त्याचंच भावंड असणार.
दोघंही मेलेल्याला ताजं ठेवतात."
आणि नातूर मोर्त, मेलेला निसर्ग,
असल्या चित्रांचं आमच्या भाषेतलं नाव.
त्यावर मात्र ती फणकारली:
"मेलेलाच होता, तर त्या माणसाला एवढी घाई कसली?"

एकदा पॅरिसहून प्राध्यापक आले, मागे विद्यार्थी.
पाकट म्हणजे मोह, म्हणाले, लिंबू म्हणजे
आयुष्याची आंबट क्षणभंगुरता.
ती मागे उभी, हात पाठीशी बांधून.
ते गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच:
"असेलही. पण पाकट मादी आहे,
ते नाही सांगितलं त्यांनी."

दीड वर्षाने ती माशांपुढून हलली
आणि वळली समोरच्या भिंतीकडे.
तिथे निळ्या फितीचा एक मुलगा,
मुठीत पाखरू.
तीन रविवार उभी राहिली,
माशाच्या डोळ्यावर धरायची तोच नेम धरून.
वहीत अक्षर नाही.
चौथ्या रविवारी म्हणाली,
"गाल समोर बसवून काढलेत. कान, केस, पाखरूसुद्धा.
डोळे नंतरचे आहेत.
आठवून काढलेले."

वही मिटून कोटाच्या खिशात घातली,
त्या दिवशी निरोप न घेता गेली.

त्या डोळ्यांसमोर माझी खुर्ची. एकोणीस वर्षं.
मला वाटायचं, पोर कंटाळलंय.

मंगळवारी सुट्टी. बाजारात गेलो.
बर्फावर एक तुर्बो, चपटा,
आभाळाकडे डोळा लावून पडलेला.
मागे गिऱ्हाइकं खोळंबली, तरी मी वाकून राहिलो.
"आजचा," मी म्हणालो.
"कालचा," मारीव्होन म्हणाली. "पण बघितलंस तू."
आणि कागदात गुंडाळून दिला
कालच्या भावाने.